खोलीची मोकळी

सोमवारी शिरोली एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून त्यांच्या मंडळाचं नाव सोमवार गिटार मंडळ. मंडळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं मांडव आणि वर्गणी उभी राहील, तर तसलं काही नाही. फाउंड्रीत, दूध संघात, कापडाच्या दुकानात राबणारी चार-दोन माणसं. एकालाही धड गुरू नव्हता, मोबाइलवर बघून बघून बोटं सोलून घेतलेली. आठवडाभर भट्ट्यांची घरघर आणि लेथची किरकिर उचगावच्या घराघरांत शिरून बसते, माइक लावायची सोय नाही. सोमवारी मात्र सगळं निपचित. मग ज्यानं त्यानं आपल्या घरात बसून गिटार वाजवायची, रेकॉर्ड करायची आणि ग्रुपवर टाकायची. एकमेकांना वाहवा द्यायची, चुका काढायच्या. एवढाच उद्योग, पण त्यावर त्यांचा जीव होता.

ग्रुपवर टाकायच्या आधी रेकॉर्डिंग साफ करायचं काम प्रभुलिंगकडं. माणूस कारखान्यात सुपरवायझर आणि स्वभावानं भलता काटेकोर. त्यानं मंडळाला एक शिस्त लावली होती. वाजवायच्या आधी माइक चालू करून थोडा वेळ गप्प बसायचं. बोट हलवायचं नाही, खोकायचं नाही. तेवढ्या वेळात नुसत्या खोलीचा आवाज येतो, पंख्याचा, फ्रीजचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा. ह्याला मंडळात ‘मोकळी’ म्हणायचे. ती मोकळी प्रभुलिंग संगणकाला दाखवायचा, की बाबा, हा कचरा नीट ओळखून ठेव. मग संगणक अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तेवढाच आवाज वजा करायचा आणि मागं स्वच्छ गिटार उरायची.

सगळे शिस्त पाळायचे. एक शिवलिंग सोडून. हे उचगावचं पोरगं म्हणजे नुसती वटवट. मोकळीतसुद्धा त्याचं तोंड चालू. ‘हां, झालं बघ चालू’, आईला ‘अव्वा, दार लाव की’, ‘प्रभुअण्णा, आज शिव्या देऊ नकोस बरं का’. प्रभुलिंग ग्रुपवर लिहायचा, ‘गप बसायला काय घेशील?’ आणि त्याची सगळी वटवट कापून टाकायचा. लॅपटॉप भरतो म्हणून मूळ फाइलीही पुसायचा. मंडळातली संयोगिता एकदा म्हणालीसुद्धा, “अहो, त्याच्या बोलण्यात मजा असते, राहू द्या की.” पण प्रभुलिंगला स्वच्छ म्हणजे स्वच्छच लागायचं.

आणि एके दिवशी कामावरून येताना रस्त्यावर सांडलेल्या वाळूत शिवलिंगची गाडी घसरली. संपलं. लग्नाचं वय झालेलं पोरगं, आईचं एकुलतं एक. माती देताना मंडळाची सगळी माणसं कडेला उभी होती आणि कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, शिवलिंगच्या आईचा, शांतव्वाचा फोन आला. “प्रभू, बाळा, जरा येऊन जातोस का घराकडं? काम हाय.” प्रभुलिंगला वाटलं, गिटार कुणाला द्यायची असेल. जेवण उरकून तो भर दुपारी निघाला.

शांतव्वा पुढच्या सोप्यात बसली होती. कपाळाला विभूती, समोर निवडायला घेतलेली मेथी तशीच पडलेली. पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली.

“अव्वा, काय काम होतं?”

“शिवूचा आवाज पायजे मला.”

“हाय की. सगळी रेकॉर्डिंग हायत माझ्याकडं. पेनड्राइव्हवर देतो.”

“ते नगं. गिटार हाय तुमच्या मंडळातल्या धैर्यशीलकडं, हाय संयोगिताकडं. समद्यांनी आणून ऐकवली. मला त्याचं बोलणं पायजे, बाळा.” तिनं पदर तोंडाला लावला. “त्याचा मोबाइल त्या दिवशी चुरा झाला. पावण्यांच्या लग्नातलं व्हिडिओ बघितलं, त्यात नुसता बेंजोचा दणका. आणि आता... आता मला त्याचा आवाज आठवंना झालाय रं. तोंड दिसतंय, हसताना दिसतंय. पर काय म्हणायचा, कसं म्हणायचा, ते ऐकूच येईना. आई हाय का कोण मी?”

त्या पोराची शंभर बोलणी प्रभुलिंगच्या हातातून गेली होती आणि एकूण एक त्यानंच कचऱ्यात टाकली होती. हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि मग त्याला एकदम आठवलं.

“अव्वा, एक हाय.”

शेवटच्या सोमवारी शिवलिंगनं पाठवलेलं रेकॉर्डिंग त्यानं साफच केलं नव्हतं. पंखा फुल्ल ठेवून वाजवलेलं, मोकळी नाही, काही नाही. ‘पंखा बंद करून परत पाठव’ असं लिहून त्यानं ते तसंच बाजूला ठेवलं होतं. परत पाठवायला पोरगं राहिलंच नाही. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी पंख्याखाली काहीतरी पुटपुटल्यासारखं होतं. बोलणंच असणार.

“पंख्याचा आवाज काढला की बोलणं वर येईल. पण त्याला त्याच खोलीची मोकळी लागंल. तोच पंखा, तीच जागा.”

शांतव्वानं कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.

प्रभुलिंग घरी जाऊन लॅपटॉप, माइक, हेडफोन आणि छोटा स्पीकर घेऊन आला. खोली माती दिल्यापासून बंद होती. दार उघडलं तर कोंदट हवेचा भपकारा आला, त्यात मशिनच्या तेलाचा वास आणि विझलेल्या उदबत्तीचा. भिंतीला गिटार टांगलेली. खाटेवर चादर तशीच, मधे दबलेली. शांतव्वा उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरच टेकली.

त्यानं शिवलिंग ठेवायचा त्याच स्टुलावर माइक ठेवला, पंखा लावला आणि हेडफोन चढवून खाटेच्या कडेला बसला. बटण दाबलं. मोकळी सुरू.

आता मोकळी घेताना माणूस आपोआप श्वास धरतो, हे ह्या लोकांना सवयीनं माहीत. प्रभुलिंगनंही धरला. कानात पंख्याची खरखर, लांबून कुणाच्या तरी कोंबड्यांची कलकल. बाकी काही नाही. पण थोडा वेळ गेल्यावर त्याच्या मानेवर काटा आला. श्वास धरलेला माणूस जवळ बसला असला की कळतं, काही ऐकू आलं नाही तरी कळतं. खाटेच्या दुसऱ्या कडेकडं बघायचं धाडस त्याला होईना. त्यानं घाईनं बटण दाबून मोकळी थांबवली, हेडफोन उतरवले.

“झालं?” बाहेरून शांतव्वानं विचारलं.

“झालं...”

“मग आत्ताच ऐकव. हितंच ऐकव.”

त्यानं शेवटचं रेकॉर्डिंग उघडलं, आत्ताची मोकळी संगणकाला दाखवली आणि वजा कर म्हणून सांगितलं. स्पीकर उंबऱ्याकडं तोंड करून ठेवला आणि लावला.

पंखा गेला. अगदी धुऊन काढल्यासारखा गेला. पण गिटारही गेली.

प्रभुलिंगला वाटलं, चुकलं काहीतरी. त्यानं परत तपासलं. चूक नव्हती. मोकळीत जेवढं असतं तेवढंच वजा होतं, हा हिशेब त्याला तोंडपाठ होता. गिटार गेली म्हणजे गिटार मोकळीत होती. ह्या खोलीत, आत्ता, तो एकटा बसला असताना. त्यानं मोकळी उघडून ऐकली. नुसता पंखा. भिंतीवरची गिटार जिथल्या तिथं, तिच्या तारांवर धुळीचा थर.

“प्रभू, थांबलास का रं?”

त्यानं रेकॉर्डिंग पुढं चालू केलं. तो काही सांगणार तेवढ्यात स्पीकरमधून, खूप लांबून यावा तसा आवाज आला.

“अव्वा, दार लाव की...”

शांतव्वा किंचाळलीच. “शिवू! माझा शिवू रं त्यो!” ती रडत होती, हसत होती, उंबऱ्यावर हात आपटत होती. “असंच म्हणायचा! ‘की’ म्हणताना लांबवायचा बघ! परत लाव, बाळा, परत लाव.”

त्यानं परत लावलं. तिच्याकडं बघून त्याचेही डोळे भरून आले. भीती होती, पण एका आईला तिच्या पोराचा आवाज मिळाला होता आणि तो त्यानं मिळवून दिला होता. जे आपण फेकलं त्यातलं एवढं तरी परत आलं, असं त्याला वाटलं.

“जरा फुटल्यागत येतोय,” ती म्हणाली. “अजून साफ हुईल का?”

इथं बघा, प्रभुलिंगचा जुना सोस जागा झाला. एकदा वजा केल्यावर आवाजाच्या कडेला थोडी भुसभुस राहते. तीच मोकळी परत एकदा लावली की तीही जाते. मंडळात सगळे त्याला म्हणायचे, फार घासू नको, आवाज मरतो. पण त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं परत वजा केलं.

आवाज जवळ आला. पण शब्द बदलले होते.

“अव्वा... बाहेर का बसलीस?”

शांतव्वाचं रडणं थांबलं. ती हळूच उठली आणि उंबरा ओलांडून आत आली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की प्रभुलिंगला बघवेना.

“अव्वा, हे रेकॉर्डिंगमधलं न्हाय...” तो कुजबुजला. “मघाशी हे नव्हतं. आपण बंद करूया.”

“साफ कर.”

“अव्वा, ऐका माझं...”

“मी तुझ्या पाया पडते. साफ कर. त्यो बोलतोय माझ्यासंगं.”

ती खरंच वाकली. आईच्या वयाची बाई. त्यानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

ह्या वेळी आवाज स्पीकरमधून आला असं म्हणवत नाही. खाटेवरून आला. चादर जिथं दबली होती तिथून.

“प्रभुअण्णा... बास कर. पुसू नकोस. एवढाच उरलोय मी... हितंच हाय, ह्या पंख्याच्या आवाजात. अव्वाला एकदा ऐकू आलो, एवढं बास हाय मला.”

प्रभुलिंगला सगळं कळलं. जे वजा होत होतं ते रेकॉर्डिंगमधून होत नव्हतं. त्यानं मोकळी म्हणून त्या पोराचं राहिलेलं सगळं उचललं होतं आणि संगणकाला सांगितलं होतं, हा कचरा आहे. दर वेळी घासताना शिवलिंग खोलीतून जात होता आणि जाता जाता वर येऊन बोलत होता.

“अव्वा, हात लावू नका. तो म्हणतोय नको म्हणून. तो जाईल.”

“कुठं जाईल? हितंच हाय म्हणतोय की. लांबून बोलतोय, म्हणून साफ करायचं.” तिनं बघून ठेवलं होतं तो कुठलं बटण दाबतो ते. प्रभुलिंगनं तिचा हात धरायच्या आत तिनं ते दाबलं. “बोल, शिवू. बोल माझ्या राजा...”

काहीच आलं नाही.

स्क्रीनवर सरळ रेघ. प्रभुलिंगनं वर बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की पंखा गरगर फिरतोय, पण त्याचा आवाज येत नाही. कोंबड्यांचा नाही, रस्त्याचा नाही. त्याच्या स्वतःच्या श्वासाचा नाही. शांतव्वा खाटेजवळ गुडघ्यावर बसून, चादर मुठीत धरून, तोंड उघडून ओरडत होती. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. आणि खोलीत टाचणी पडल्याएवढाही आवाज नव्हता.

त्यानं तिला काखेत हात घालून ओढलं आणि उंबऱ्याबाहेर काढलं. बाहेर आल्याबरोबर सगळे आवाज कानावर येऊन आदळले, गाड्या, कोंबड्या, शेजारच्या घरातला टीव्ही. शांतव्वा जमिनीवर पडून हुंदके देत होती. शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांतल्या अंबूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं आणि प्रभुलिंगकडं असं काही बघितलं, की तो आपलं सामान उचलून गप निघाला.

घरी येऊन त्यानं फाइल उघडली. रिकामी होती. बाकीची उघडली, ग्रुपवर धैर्यशीलला, संयोगिताला विचारलं. शिवलिंगची जेवढी रेकॉर्डिंग ज्याच्या ज्याच्याकडं होती, तेवढी सगळी उघडत होती, चालत होती आणि त्यांत काही नव्हतं. गिटारसुद्धा नव्हती.

प्रभुलिंगनं मंडळ सोडलं. साफ करायचं काम दुसऱ्या कुणी घेतलं नाही. आता जो तो जसं असेल तसं टाकतो, कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांची भांडणं धरून.

पुढच्या सोमवारी तो धीर करून शांतव्वाला भेटायला गेला. ती शिव्या देईल, हाकलून देईल, अशी मनाची तयारी केली होती. तिनं बसायला दिलं. चहा टाकला. दुखण्याखुपण्याचं बोलली, म्हशीचं बोलली, नृसिंहवाडीला जायचंय म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत. मग ती त्याच्याजवळ सरकली.

“प्रभू, डॉक्टरला दाखवलं. गळ्यात काय न्हाय म्हणतोय. अंबूबाई म्हणती, ताण घेऊ नको. पर तू बघ. तूच बघ.”

“काय अव्वा?”

“पोराचं नाव घेते आता मी.”

तिनं त्याच्याकडं बघत ओठ हलवले. सावकाश, एकेक अक्षर. मग परत, जोर लावून. मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं. ओठांवर नाव स्पष्ट दिसत होतं. ऐकू काहीच आलं नाही.

“बघितलंस?” ती म्हणाली. तो शब्द मात्र नीट ऐकू आला.

प्रभुलिंग उठून तसाच बाहेर आला. शेजारच्या कट्ट्यावर अंबूबाई बसली होती. तिनं त्याला थांबवून विचारलं, “व्हय रं, तुमच्या मंडळातलं ते पोरगं, आमच्या शांतव्वाचं... काय बाई नाव त्याचं? सकाळपास्नं तोंडात येतंय आणि भाईर पडंना.”

त्यानं सांगायला तोंड उघडलं.