आपल्या मागे

"उद्या दावा फेटाळला, की माझ्या भावाला कोणी मारलं ते कायमचं मातीत जाणार," ताई म्हणाली.

तिचा भाऊ युद्धभागात एका खासगी सुरक्षा कंपनीची पाण्याची पांढरी गाडी चालवायचा. कंपनीच्याच ताफ्यातल्या पहारेकऱ्याने त्याला गोळ्या घातल्या. पुढे तो पहारेकरीही चकमकीत मेला. कंपनीच्या साहेबांनी सरळ कानावर हात ठेवले. हुकूम ताफ्यातल्या अधिकाऱ्याने दिला असेल तरच कंपनी जबाबदार, आणि ताफ्यात अधिकारी नव्हताच म्हणे!

गुप्तहेर बाईंनी काम घेतलं. त्यांचे सोबती मास्तर, चाळीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले, मात्र धास्तावले होते. सकाळपासून एक काळी मोटार बाईंच्या घरासमोरून हलत नव्हती.

कंपनीच्या छावणीतून सुट्टीवर आलेल्या वायरलेसवाल्याने आपल्या घरी त्या दिवसाची ध्वनिफीत ऐकवली. खरखरीतून साहेबांचा आवाज आला. "आपल्या मागे पांढरी गाडी आहे. उडव रे!"

"साहेब तेव्हा छावणीत होते?" बाईंनी विचारलं.

"छे! ताफा निघाला तेव्हापासून दिसलेच नव्हते." एवढं बोलून त्याने घाईघाईने दार लावून घेतलं.

"म्हणजे साहेब तेव्हा इकडे परतले होते, खरं बोलतायत," मास्तर हिरमुसले.

संध्याकाळी ताईसह तिघं साहेबांच्या इथल्या कचेरीत गेले. खिडक्या बंद होत्या. दाराशी काळ्या मोटारीतलेच दोन दांडगे रक्षक उभे राहिले. मास्तर बाईंच्या आडोशाला सरकले.

"आवाज माझाच," साहेब शांतपणे म्हणाले. "मी याच खुर्चीत होतो. पहारेकऱ्याने फोनवर मागच्या गाडीचं सांगितलं. मी फक्त सल्ला दिला, तो त्याच्या वायरलेसवर गेला असेल."

बाई वळल्या. "मास्तर, मी दूर गाडीत असेन आणि इथून फोनवर मला सावध करायचं तर काय म्हणाल?"

"तुमच्या मागे गाडी आहे." मास्तर चपापले. "अरेच्चा! 'आपल्या मागे' म्हणायला मीही तुमच्या गाडीत हवा!"

"चाळीस वर्षं शिकवलंत, एकदा ऐकायचंही होतंत," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. "मी सगळ्यांनाच आदराने 'आपण' म्हणतो."

"आणि लगेच 'उडव रे'? आदर असता तर 'उडवा' म्हणाला असतात. ताफा निघाला आणि तुम्ही छावणीतून दिसेनासे झालात, कारण ताफ्यातच बसला होतात. हुकूम तुमचा. पासपोर्टवरचे शिक्के उद्या कोर्ट बघेल."

साहेबांचं हसू मावळलं.

ताई पुढे येऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहिली.

"तो तुमच्यासाठीच पाणी आणत होता, साहेब. त्या 'आपल्या'त माझा भाऊ नव्हता?"