नमुनापूरची लाईट

दुपारचे दोन वाजले, की माळवदे क्लासमधली वीस पोरं नमुनापूर मोडायला बसायची.

नमुनापूर हे गाव कुठल्याच नकाशात नव्हतं. ते संगणकाच्या पोटात होतं. अठ्ठावीस हजार वस्ती, पाण्याच्या तीन टाक्या, विजेच्या सात डीपी, एक बाजारपेठ आणि तक्रारी करायला सदा तयार असलेली माणसं. पोरं त्या गावाची वीज घालवायची, पाण्याचे पंप थांबवायची, चौकातले सिग्नल चारी बाजूंनी हिरवे करायची आणि मग ऋतुजा मॅडमच्या देखरेखीखाली सगळं पुन्हा जागेवर आणायची. वर्षाच्या शेवटी परीक्षा, परीक्षेनंतर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं की पुण्यात नाहीतर बंगळुरात नोकरी. मोहरापूरसारख्या तालुक्याच्या गावाला याहून जास्त काय पाहिजे?

तास मात्र तीनच्या आत उरकावा लागे. तीनला मोहरापूरची लाईट जायची आणि पाऊण तासाने यायची. वर्षभर हेच चाललं होतं. "नगरपालिकेने लाईट-पाण्याचं काम कंपनीला दिलं, तेव्हापासून लाईटसुद्धा नोकरीवाल्यासारखी घड्याळ बघून जाते," असं कौसाक्का म्हणायच्या आणि मागच्या भिंतीला टाकलेल्या खुर्चीत टेकायच्या.

क्लास कौसाक्कांचा. चौथी शिकलेल्या या बाईने आधी शिवणक्लास काढला, त्यातनं टायपिंग निघालं, टायपिंगमधनं कॉम्प्युटर. दारावरच्या पाटीवर अजून कात्रीचं चित्र होतं आणि ते पुसायची कोणाची छाती नव्हती. शिकवायची त्यांची सून, ऋतुजा. पण क्लासमध्ये काय आणायचं आणि काय नाही हे अक्का ठरवायच्या. मग ते कापड असो, खुर्ची असो, नाहीतर सॉफ्टवेअर.

हे सॉफ्टवेअरही त्यांनीच निवडलं होतं. जूनमध्ये ऋतुजाने तीन आणून दाखवली होती. "आई, तिघांचं काम एकच. एका संगणकाच्या आत खोटे संगणक तयार करायचे. पोरांनी त्यांच्यावर हात चालवायचा. मोडले तरी खऱ्याला धक्का नाही."

पहिलं सुरू केलं तर क्लासमधली जुनी यंत्रं पिठाच्या गिरणीसारखी घरघरायला लागली. अक्कांनी हातानेच 'बंद कर' म्हटलं. दुसरं गुमान चाललं, पण त्यात नुसते रिकामे संगणक. ना कोणी वापरणारा, ना कोणी बोंबलणारा.

"ह्यात माणसं कुठंयत?"

"माणसं कशाला लागतात, आई? नुसता सराव तर करायचाय."

"तुला काय मी रिकाम्या घरात स्वयंपाक शिकवला? दहा तोंडं ताटावर बसून बोंबलत होती, म्हणून शिकलीस."

ऋतुजाने तिसरं लावलं. त्यात नमुनापूर होतं. "खऱ्या गावाचं जुळं असावं तसं यंत्राने बनवलेलं गाव आहे," तिने सांगितलं. "माणसं खोटी. तक्रारीसुद्धा यंत्रच लिहितं." अक्कांनी दहा मिनिटं त्या तक्रारी वाचल्या आणि कापडाचा पोत बोटांत चोळून बघितल्यासारखा शेरा मारला, "हे जिवंत आहे. हेच घे." ते फुकट होतं आणि जुन्या यंत्रांवर पिसासारखं चालत होतं. एवढं अख्खं गाव इतकं हलकं कसं, असा प्रश्न ऋतुजाला तेव्हा पडला होता. पण अक्कांनी निवड केली होती. तिथं प्रश्न संपत असत.

मोडायची रीतसुद्धा अक्कांचीच. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या धड्यात फक्त आलेला बिघाड दुरुस्त करायचा होता. अक्का म्हणाल्या, "माझ्याकडं नवी पोरगी आली, की पहिल्या दिवशी मी तिला शिवलेलं पोलकं उसवायला लावायची. कुठला टाका कशाला धरून आहे, ते उसवताना कळतं. ह्यांनाही आधी मोडू दे." ऋतुजाला पटलं. पोरांना तर फारच पटलं. कारण तास सुरू व्हायच्या आधी सॉफ्टवेअर अख्ख्या गावाचा ठसा घेऊन ठेवायचं. कितीही धुडगूस घाला, शेवटी 'मागे' बटण दाबलं, की पडद्यावरचं गाव पुन्हा दोनच्या ठोक्याला होतं तसं.

त्या बुधवारी शिफा मुलाणीची पाळी होती. वर्गातली सगळ्यात चलाख पोरगी. तिने नमुनापूरचं मुख्य वीजकेंद्र एका फटक्यात पाडलं. समोरच्या मोठ्या पडद्यावर गाव वॉर्डावॉर्डाने काळं पडत गेलं, आणि डाव्या बाजूला तक्रारींची रांग लागली.

"आले बघ रडायला," अथर्व म्हणाला, आणि वर्ग हसला. प्रत्येक तक्रारीखाली तयार उत्तराचं बटण होतं: 'आपली तक्रार नोंदवली आहे.' अथर्व ते जांभया देत दाबत सुटला होता.

अक्का मागनं वाचत होत्या. त्यांचं वाचन म्हणजे एकेका अक्षराला हात लावून पुढं जाणं. पोरं तक्रारीचे पहिले दोन शब्द बघून सोडून द्यायची. अक्कांना शेवटचा शब्द आल्याशिवाय सुटका नसे.

'लाईट गेली. दवाखान्यातली काचेची पेटी बंद पडली. इन्व्हर्टर कालच जळाला. नातीचं वजन सव्वा किलो. पोटाशी धरून बसले आहे. हात बधिर होतात म्हणून परकराच्या नाडीने बांधून घेतली आहे. किती वेळ बसू? वॉर्ड चार.'

अक्का उठून उभ्या राहिल्या.

त्यांचा मुलगा आठव्या महिन्यात झाला होता. तीन दिवस आणि तीन रात्री त्यांनी त्याला उघड्या छातीशी धरलं होतं. थोड्याच वेळात हात मेल्यासारखे होतात आणि पोर निसटेल अशी भीती वाटते. तेव्हा त्यांनीही नाडीच बांधली होती. ती गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

"ऋतुजा, लाईट लाव त्यांची."

"कोणाची?"

"त्या बाईची. वॉर्ड चार."

पोरं खिदळली. ऋतुजा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, ती बाई नाहीये. यंत्राने हजारो पुस्तकं वाचलेली असतात, त्यातनं ते असं रचतं."

"कुठल्या पुस्तकात परकराची नाडी असते गं? सांग मला. मी चौथी शिकलेय, तू तर इंजिनियर."

ऋतुजाने कीबोर्ड स्वतःकडं ओढला. मग सासूचं समाधान करावं म्हणून तिने सरळ 'मागे' दाबलं. पडदा क्षणभर थरथरला. सगळे वॉर्ड हिरवे झाले. पडद्यावरच्या घड्याळात पुन्हा दोन वाजले. गाव जसंच्या तसं.

"झालं? आली लाईट," ती म्हणाली.

डाव्या बाजूला रांगेत नवी ओळ उमटली. 'अजून लाईट नाही. पाय गार पडले. ओठ निळे दिसतात.'

कोणीच हसलं नाही. चित्र मागे गेलं होतं. बाई मागे गेली नव्हती.

ऋतुजाने पुन्हा 'मागे' दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्यावर हिरवंगार गाव, आणि शेजारी तक्रारी येतच होत्या: लिफ्टमध्ये आई अडकली आहे, पिठाची गिरणी बंद, पाणी नाही, लाईट नाही, लाईट नाही.

"आई," ती बटणावरनं बोट काढत म्हणाली, "ही कंपनी छोट्या गावांची यंत्रणा सांभाळायची कंत्राटं घेते. वीज, पाणी, सिग्नल, सगळं एका संगणकावरून. जाहिरातीत दीडशे गावं म्हणतात. मला नेहमी वाटायचं, एवढ्या कामाला माणसं कुठं बसवली असतील."

अक्कांनी वर्गावरनं नजर फिरवली. वीस खुर्च्या. वीस पोरं.

"इथं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे बिघाड खरे असायचे. गाव बनवलेलंच नाही, म्हणून तर इतकं हलकं चालतं. आपण सराव म्हणून दुरुस्ती करायची आणि तिकडं त्यांचं काम फुकटात व्हायचं." ऋतुजा पोरांकडं वळली. "पण मोडायला त्यांनी सांगितलं नव्हतं."

"ते मी सांगितलं," अक्का म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलाच आवाज नकोसा झाला.

शिफा रडवेली झाली होती. "अक्का, मागल्या आठवड्यात मी दोन डीपी जाळल्या. मुद्दाम. कशा फुटतात बघायला."

अथर्वने संगणकाची वायरच धरली. "बंद करून टाकू सगळं! आपलं नाव यायच्या आत—"

"हात काढ!" अक्का अशा कडाडल्या, की वायर त्याच्या हातातनं सुटली. "अर्धं उसवून पळून जातोस? ज्या बोटांनी उसवलं त्याच बोटांनी शिवायचं. शिफा, डोळे पूस. नीट ध्यान दे."

"अक्का, पडदा खोटं दाखवतोय. सगळं हिरवंच दिसतंय. कुठं काय बंद आहे मला दिसत नाही. एकदम सगळ्या वॉर्डांचा भार आला तर उरलेल्या डीपी पण जळतील."

"मी दोऱ्याचं टोक डोळ्यांनी बघून ओवते काय? बोटांना माहीत असतं. तोंडाने बोल आणि मग कर. एकेक टाका."

ऋतुजाने फळ्यावर खडूने सात चौकोन काढले. पडदा सांगत नव्हता, ते आता फळा सांगणार होता. शिफा बोलायला लागली. "आधी सातही वॉर्ड तोडते. एक तोडला. दोन तोडला..." ऋतुजा एकेक चौकोन पुसत गेली. अक्कांचा हात शिफाच्या खांद्यावर होता.

"आता मुख्य केंद्र उचलते." तिने कळ दाबली. पडद्यावर काहीच बदललं नाही. कसं बदलणार?

"आता वॉर्ड चार. एकटाच."

तयार उत्तराच्या बटणाखाली एक रिकामी चौकट होती. वर्षभरात तिच्यात कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. अक्का अथर्वला बाजूला सारून बसल्या आणि एका बोटाने लिहायला लागल्या. पोरं त्या बोटाकडं बघत होती. कोणाचीही 'मी लिहून देतो' म्हणायची हिंमत झाली नाही. 'नाडी सैल करू नका. पाय चोळा. लाईट सोडली आहे. आली का सांगा.'

काही आलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक घर सरकला, मग दुसरं. शिफा पुटपुटली, "माझ्याकडनं चुकलं. चार नंबरची डीपी मागल्या आठवड्यात मीच..."

"गप," अक्का म्हणाल्या. त्यांनाही तेच वाटत होतं.

मग ओळ उमटली. 'आली. पेटी सुरू. पोरगी रडली.'

एक पोरगी हुंदका देऊन खाली बसली. शिफाने वॉर्ड दोन लावला, थांबली, वॉर्ड पाच लावला, थांबली. फळ्यावरचे चौकोन एकेक करून परत आले. ऋतुजा तोवर कंपनीला फोन लावत होती. तिथं एक यंत्र गोड आवाजात तिला थांबायला सांगत होतं. ते बंद करून तिने कलेक्टर कचेरीचा नंबर शोधायला घेतला.

पडद्यावर त्या बाईची आणखी एक ओळ आली.

'तुम्ही कोण? इथं नगरपालिकेत तर कोणीच बसत नाही. रोज दोनला आमची लाईट का घालवता?'

अक्कांनी लिहायला बोट कळांवर ठेवलं.

त्यांनी काही लिहायच्या आतच डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. दिवे गेले. मोठा पडदा काळा झाला. कोपऱ्यातला जुना इन्व्हर्टर नुसता टिकटिक करायला लागला.

कोणीतरी सवयीने म्हणालं, "तीन वाजले."

आणि ते म्हणताक्षणी वर्गातला एकेक चेहरा वर वळला. बंद पंख्याकडं. मग खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या प्रसूतिगृहाकडं, जिथं मोहरापूरच्या काचेच्या पेट्या होत्या.

"अक्का," अथर्व म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "आपल्या नगरपालिकेनं पण... त्याच कंपनीला..."

"कळलं मला."

कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी क्लासमध्ये, आत्ता तीनचा तास सुरू झाला होता. तिथंही कोणाला तरी आधी मोडायची रीत सुचली होती, आणि तिथल्या पडद्यावर मोहरापूर वॉर्डावॉर्डाने काळं पडत होतं. तिथं त्याचं नाव काहीतरी वेगळंच असेल. तिथं कोणीतरी म्हणत असेल, आले बघ रडायला.

अक्कांनी कनवटीचा फोन काढला. मोहरापूर नगरपालिकेच्या तक्रारीचं पान ऋतुजाने उघडून दिलं. वीस पोरं भोवती उभी राहिली आणि अक्का एकेका अक्षराला हात लावत लिहीत गेल्या.

'पोरांनो, हे गाव सरावाचं नाही. इथं आम्ही राहतो. समोर दवाखान्यात बाळं आहेत. मागे बटणाने काही होत नाही, फक्त चित्र बदलतं. आधी सगळे वॉर्ड तोडा, मग एकेक लावा. घाबरू नका. पण हसू नका.'

त्यांनी पाठवलं. लगेच उत्तर आलं.

'आपली तक्रार नोंदवली आहे.'

सकाळपर्यंत अक्कांना वाटायचं, हे यंत्र बोलतं. आता त्या ओळीमागे त्यांना जांभई देणारं एक तोंड दिसत होतं, आणि बटणावर आपटणारं एक कोवळं बोट. रस्त्यापलीकडं दवाखान्यातनं कोणीतरी ओरडत जिना उतरत होतं.

तिकडच्या त्या वर्गात मागच्या भिंतीला खुर्ची टाकून, शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारं कोणी बसलं असेल का?