काचेची आतली बाजू

यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. आमच्याच घरात हे घडलं. आणि मी अजून त्याच घरात राहते.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. तिसरा रविवार. कॅल्युमेट गावाच्या पुढे, सरोवराच्या बाजूला आमचं घर. दारात कमरेएवढा बर्फ होता.

त्या दुपारी माझ्या नवऱ्यानं, रेनोनं, बैठकीतल्या फायरप्लेसला काचेची दारं बसवली.

दारं हवी होती सासूबाईंसाठी. लेम्पी त्यांचं नाव. वय एक्याऐंशी. थंडी सुरू झाली तेव्हाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आग विझली की धुराड्यातला गार वारा थेट त्यांच्या पायांवर यायचा. एकदा ठिणगी उडून शालीला भोकही पडलं होतं.

दुकानात रेनोचं मन पितळी चौकटीवर बसलं.

"आईला आवडेल," तो म्हणाला.

"आईंना आवडेल आणि घासेन मी," मी म्हटलं.

काळी चौकट घेतली. दोन दारांची, मधोमध मिटणारी.

दुकानदार क्लाइड जुना ओळखीचा. तो म्हणाला, "माप वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी घे. जुन्या विटा कधी सरळ नसतात. आणि मोठा जाळ असेल तेव्हा दारं उघडी ठेव. निखारे राहिले की मगच लाव."

रविवारी रेनोला ती बसवायला चार तास लागले. विटांना भोकं पाडली, चौकट आवळली, कडेच्या फटीत न जळणारा कापूस ठासला. सासूबाई खुर्चीत बसून कॉफीत वेलदोड्याचा पाव बुडवत होत्या.

"तुझ्या बापानं एवढ्या वेळात अख्खं घर उभं केलं असतं," त्या म्हणाल्या.

"त्यांना तू शेजारी बसून टोकत नसशील, आई."

शेवटी त्यानं दोन्ही दारं मिटली.

आणि खोली... एकदम गप्प झाली.

अठरा वर्षं त्या धुराड्यातून बारीक घूं-घूं यायची. ती बंद झाली तेव्हा मला कळलं, की ती होती.

सासूबाई पाव हातात धरून थांबल्या.

"हे बरं नाही वाटत," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी रेनो बर्फ सारायची गाडी घेऊन रस्त्यावर गेला. त्याची नोकरीच ती. आग केव्हाच विझली होती. मी भांडी विसळत होते.

टक...

टक... टक.

काचेवर. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

"पक्षी अडकला असेल," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी खुर्ची मागे ओढली.

संध्याकाळी रेनोनं बॅटरी घेऊन आत पाहिलं. पक्षी नाही. पीस नाही. धुराड्याची झडप घट्ट बंद. राखेवर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मंगळवारी सकाळी काचा काजळीनं काळ्या झाल्या होत्या. रात्रभर निखारे बंद दाराआड राहिले की तसं होतंच.

पण उजव्या काचेवर एक गोल स्वच्छ होता.

बशीएवढा. दव धरलेल्या खिडकीतून बाहेर बघायला आपण तळव्यानं पुसतो ना... तसा.

मी बाहेरून बोट फिरवून पाहिलं. काही फरक पडला नाही. पुसलेलं आतून होतं.

रेनो हसला. "ऊब सगळीकडे सारखी लागत नाही, व्हर्ना." तरी त्या रात्री त्यानं दोन्ही दारांवर आडवी चिकटपट्टी लावली.

सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

गोल दोन होते. एक खाली. एक वर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर... चौकटीच्या अगदी कडेला.

या वेळी रेनो हसला नाही.

गुरुवारी दुपारी मी बाहेर पायवाटेवरचा बर्फ ओढत होते. आत आले तर सासूबाई खुर्चीत नव्हत्या.

त्या काचेसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. दहा वर्षांत ज्यांना गुडघा टेकता आला नव्हता, त्या.

त्यांनी काचेवर दोनदा टकटक केलं.

आतून दोनदा उत्तर आलं.

"आई, उठा," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. चेहरा शांत होता. तेच जास्त वाईट होतं.

"तो विचारतोय," त्या म्हणाल्या, "दारं कुणी बसवली."

"कोण विचारतोय?"

त्यांनी पुन्हा काचेकडे पाहिलं.

"तुम्ही काय सांगितलंत, आई?"

"खोटं बोलायला हवं होतं गं. रेनोचं नाव सांगितलं मी."

रेनो घरी आला तसं त्याला सगळं सांगितलं. त्यानं कोट न काढता पेचकस आणला. "आत्ता काढतो."

सासूबाई उठून मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावू नकोस. आता तो वाट बघतोय, कोण उघडतं त्याची."

रेनोनं पेचकस खाली ठेवला. बावन्न वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी त्यानं आईचं ऐकलं.

वसंतात सासूबाई मार्केट नावाच्या शहरात, नणंदेकडे गेल्या. परत यायचं नाव काढत नाहीत. फोनवर एकच विचारतात, "रेनो बरा आहे ना?"

बरा आहे. पण बैठकीत बसत नाही. जेवण झालं की सरळ वर जातो.

आता आग पेटवायची झाली तर दारं मीच उघडते, रेनोला हात लावू देत नाही. आणि रोज संध्याकाळी काचा मीच पुसते. स्वच्छ काचेवर काही उमटत नाही, आणि जे उमटत नाही ते बघावं लागत नाही.

गेल्या मंगळवारी दारं बंदच होती. आतली काजळी नंतर काढू, आधी बाहेरचे बोटांचे डाग काढावेत म्हणून ओला कपडा फिरवत होते.

काच छान निघत होती. कपडा जाईल तिथे काळं जात होतं.

मग लक्षात आलं...

काजळी तर आतल्या बाजूला आहे.

मी हात थांबवला.

काच पुसली जातच होती.

रेनोला मी हे अजून सांगितलेलं नाही.