सहा महिन्यांसाठी आलेला

पिंप्राळ्याच्या रिक्षात शेजारच्या तरुणाने आपली बॅग सरळ माझ्या डब्यावर ठेवली.

“उचला ती. आत क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने आहेत.”

वाटलं, आता अंग चोरेल. त्याने बॅग काढली, डबा मांडीवर घेतला आणि खड्डे संपेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसला. एकदा माझ्याकडे बघून हसला... मी बाहेर बघत राहिले.

सोमवारी तोच आमच्या संस्थेच्या चोपड्याच्या कार्यालयात. श्रेयांस. देणगीदार संस्थेने सहा महिन्यांसाठी पाठवलेला, आम्हाला ‘सक्षम’ करायला.

“भाविकाताई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर?”

“मी पडत नाही. आणि ताई म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“काहीच नको.”

सहा वर्षं मी वीस गावांतले पेशंट डोक्यात घेऊन फिरत होते. हा म्हणे, सगळं लिहून काढा, तुमच्या मदतनीस बेबाबाईंना निर्णय घेऊ द्या. माझं डोकंच उठायचं.

जुलैत मला डेंग्यू झाला. दहा दिवसांनी परतले, तर माझ्या पेशंटपैकी झिपरूआबांच्या गोळ्या आठवडाभर बंद. त्या कधी पोचवायच्या, ते फक्त मला ठाऊक होतं. आबा ओट्यावर खोकत होते. श्रेयांस त्यांना पाणी पाजत होता. त्याच्या शांतपणाचाच मला संताप आला.

“बोला ना एकदाचं, तुमचंच खरं होतं म्हणून.”

“खरं ठरून काय करू? आधी आबांना डॉक्टरांकडे नेऊ.”

मग आम्ही गावोगावच्या याद्या केल्या. मी सांगायचे, तो लिहायचा, अक्षरावरून भांडायचो. बेबाबाई वीस गावं सांभाळू लागल्या. आबांचं वजन वाढलं. एका दुपारी बेबाबाईंनी मला कार्यालयातून चक्क घालवलं. “ताई, तू जाय. मी शे ना.”

सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे रिकामी दुपार होती... ती त्याच्यासोबत चहा पिण्यात गेली. मग पुढच्याही.

सहा महिने भरले. त्याची धुळ्याला नेमणूक झाली.

“तुम्ही सगळे असेच,” मी स्टँडवर त्याची बाही धरून म्हणाले. “येता, सवय लावता, निघून जाता.”

“संस्थेला आता माझी गरज नाही, भाविका. तेच तर काम होतं.”

“संस्थेचं विचारतंय कोण?”

त्याने हातातली बॅग खाली ठेवली.

“धुळं दोन तासांवर आहे,” तो हळूच म्हणाला. “राग आला की सांग. येईन.”

“मला रोज येतो.”

“मग रोज येईन.”

बस लागली. मी बाही सोडली नाही... आणि त्यानेही सोडवून घेतली नाही.