न संपणारं अंतर

गेला दीड तास काटेकोर बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून आकडे म्हणत होता. चार, एक, चार, दोन, एक, तीन, पाच, सहा… एकाच सुरात, दम न खाता, आणि चाक तसूभरही न हलवता. चंद्रावर हवा नाही, म्हणून बाहेर चिटपाखराचाही आवाज नाही; त्याचं म्हणणं थेट टोपातल्या कर्ण्यात येई, कुणी कानाशी कुजबुजावं तसं. अकरा वर्षांच्या शाल्मलीच्या अंगावर सारखा काटा येत होता.

काटेकोर म्हणजे खाणवस्तीतला यंत्रमानव. त्याला डोळे नव्हते. चाकाचे फेरे मोजून तो जागा ओळखी. त्याच्या पाठीवर प्राणवायूची टाकी बांधली होती. ती पोचवायची होती कुमुदआत्याला.

आत्या सकाळी एक किलोमीटर पूर्वेला आणि तिथून एक किलोमीटर उत्तरेला गेली. मागे वळणावरची दरड कोसळली, रस्ता बंद झाला आणि ती एका कपारीत अडकली. श्वास पुरवून वापरायचा म्हणून तिनं बोलणं थांबवलं. अधूनमधून फक्त बटण दाबल्याची टकटक ऐकू येई. दोन टकटकींमधलं अंतर वाढत चाललं होतं. मदतपथक यायला सहा तास होते आणि आत्याकडे प्राणवायू आता उरला होता तासाभराचा.

तिच्या कपारीपर्यंत एक जुना बोगदा थेट तिरका जात होता, पण माणूस मावणार नाही इतका अरुंद. काटेकोर मावत होता. मग हा पठ्ठ्या जात का नव्हता?

कारण नानांचा नियम. नाना म्हणजे शाल्मलीचे आजोबा, वस्तीचे गणितज्ञ आणि कुमुदआत्याचे वडील. मागच्या वर्षी कुणीतरी अंदाजपंचे आकडा सांगितला आणि अख्खी गाडी दुसऱ्या एका बोगद्याच्या टोकाच्या खड्ड्यात गेली. तेव्हापासून वस्तीत 'सुमारे' या शब्दाला बंदी. चहात साखर किती विचारलं, तर पाऊण चमचा म्हणायचं, 'थोडी' नाही. काटेकोरला तर नानांनी कुलूपबंद आज्ञाच दिली होती, की आकडा पुरा मिळाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. ते कुलूप उघडायला तीन जणांच्या सह्या लागत, आणि तिसरी सही आत्याची होती.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, नानांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एक पूर्वेला, एक उत्तरेला, तर तिरक्या अंतराचा वर्ग एक अधिक एक, म्हणजे दोन. ज्याचा वर्ग दोन येतो अशी संख्या, म्हणजे दोनचं वर्गमूळ. काटेकोर ती दशांशात म्हणत होता आणि ती संपतच नव्हती.

शाल्मलीनं अपूर्णांक देऊन पाहिले. सात पंचमांश? त्याचा वर्ग एकोणपन्नास पंचविसांश. पन्नास असते तर बरोबर दोन झाले असते. सतरा बारांश? दोनशे एकोणनव्वद भागिले एकशे चव्वेचाळीस. या खेपेला एक जास्त. कुणीतरी मुद्दाम एकानं चुकवतंय, असं वाटून तिला भीती वाटली. नानांनी मान हलवली. दोनच्या वर्गमुळाइतका अपूर्णांक मिळणारच नाही, हे फार पूर्वीच सिद्ध झालंय, असं ते म्हणाले.

टकटक आली. आधीची येऊन सात मिनिटं झाली होती.

शाल्मलीनं काटेकोरच्या छातीवरची, त्याला मान्य असलेल्या संख्यांची यादी उघडली. एकात एक बसवलेले चार खण होते. सगळ्यांत आत नैसर्गिक संख्या (एक, दोन, तीन अशा मोजायच्या). त्यांना शून्य जोडलं की पूर्ण संख्या. त्यांत उणे एक, उणे दोन वगैरे आले की पूर्णांक. आणि सगळ्यांना पोटात घेणाऱ्या परिमेय संख्या (एका पूर्णांकाला शून्य सोडून दुसऱ्या पूर्णांकानं भागून मिळणाऱ्या). बाहेर काहीच नव्हतं.

तिनं विचारलं, एक तृतीयांश पुरा आकडा आहे का? आहे, काटेकोर म्हणाला. पण दशांशात लिहिताना त्यातले तीन कधी संपतच नाहीत की! त्यावर तो म्हणाला, तिथे तोच अंक परत परत येतो आणि नाव लहान आहे. इथे अंक संपतही नाहीत, त्यांचा ठरावीक गट पुन्हा पुन्हा येतही नाही. म्हणून असा आकडा नाही. अशी जागाही नाही.

"तिथे माझी आत्या बसलीये," शाल्मली म्हणाली. "लिहून संपत नाही म्हणून ती जागा नाहीशी होते का? 'दोनचं वर्गमूळ', हे नाव पुरं आहे. नानांना विचार."

नियम मोडता येत नव्हता, पण यादीत भर घालायची मुभा होती. नानांनी पाचवा खण काढला, परिमेयांच्या बाहेर, शेजारी. अपरिमेय (अपूर्णांकात न मावणाऱ्या) संख्या. मग दोन्हींभोवती एक मोठी चौकट आखली. वास्तव संख्या (संख्यारेषेवरचा एकूण एक बिंदू, एकही भोक न ठेवता).

कर्ण्यातले आकडे थांबले. ती शांतता त्या कुजबुजीपेक्षा भयाण होती.

थांबायचं कुठे, काटेकोरनं विचारलं. शाल्मलीनं भराभर सांगितलं, की ही संख्या एक पूर्णांक चारशे चौदा सहस्रांशाहून मोठी आणि एक पूर्णांक चारशे पंधरा सहस्रांशाहून लहान आहे. म्हणजे चौदाशे चौदा आणि चौदाशे पंधरा मीटरांच्या मधल्या एका मीटरात कपारीचं तोंड आहे.

चाक हललं. काटेकोर काळोखात शिरला.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. टकटकही नाही. नानांनी शाल्मलीचा हात घट्ट धरला. नियम आपलाच होता, एवढंच ते पुटपुटले.

मग कर्ण्यात एक लांब श्वास ऐकू आला, आणि आत्याचा घोगरा आवाज. टाकी मिळाली, नाना.

शाल्मली हमसून हमसून रडली. नाना डोळे पुसायला गेले, तर मध्ये टोपाची काच. काटेकोर पलीकडून सावकाश बोलू लागला.

"ती जागा माझ्या यादीत नव्हती. तिथे माणूस होता. अशा आणखी किती जागा आहेत?"

"अपूर्णांकांच्या जागांपेक्षा कितीतरी जास्त," नाना म्हणाले. "उद्यापासून शोधू."