उणे साठ

ऑपरेशननंतरची सुट्टी संपवून मावशी कामावर परतली, त्या सकाळी तिने नेहमीचीच कामं नेहमीच्याच क्रमाने केली. केबिनचं कुलूप काढलं, काचेवरची खडीची धूळ पुसली, खुर्ची झटकली आणि यंत्राचं बटण दाबलं.

शहराबाहेर, जिथे खडी फोडायच्या यंत्रांची घरघर दिवसभर थांबत नाही, त्या रस्त्याला हा ट्रक मोजायचा काटा होता. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाट, त्याला खेटून एक केबिन आणि केबिनमध्ये लाल आकडे दाखवणारी पेटी. ट्रक भरलेला येतो, पाटावर उभा राहतो, मोजला जातो. रिकामा होऊन येतो, पुन्हा मोजला जातो. मधली वजाबाकी म्हणजे माल. मावशीचं अर्धं आयुष्य या वजाबाकीत गेलं होतं.

आकडे लुकलुकले आणि स्थिर झाले. पाटावर काही नसताना तिथे शून्य हवं. तिथे वीस किलो होतं.

मावशीने बाहेर जाऊन पाट झाडला. कडेच्या फटीत अडकलेले खडे काठीने उकरून काढले. परत आली तरी वीसच. ट्रकचाच काटा तो, माणसादोनमाणसांच्या वजनाचा त्याला फारसा गंध नसतो. पण वीस म्हणाला की वीस. शेवटी तिने शून्याचं बटण दाबलं. ते दाबलं, की पाटावर जे काय असेल ते काटा विसरतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो. आकडा शून्यावर आला. मावशीने तो विषय कानामागे टाकला.

पहिला ट्रक आला तो मिशीवाल्याचा. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं आणि इकडेतिकडे बघितलं.

"ताई, मावशी आली नाही का अजून?"

"मीच."

"मस्करी नको. बोलवा की त्यांना."

"अरे मेल्या, मागच्या वेळी ताडपत्री न बांधता आला होतास, तेव्हा तुझी खरडपट्टी कुणी काढली होती?"

मिशीवाल्याने दोन्ही हात कानाला लावले. "अगं बया! आवाज तोच! मग बाकीची मावशी कुठे ठेवून आलात?"

मावशी हसली. मागे लागलेल्या ट्रकचा क्लीनरही हसला. दिवसभर जो येईल त्याने हाच विनोद आपापल्या परीने केला आणि ती दरवेळी हसली, कारण न हसायलाही ताकद लागते.

तिच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. जठर कापून केळ्याएवढं केलेलं. वाटीभर पातळ भात खायला अर्धा तास लागायचा आणि एक घास जास्त झाला की घामाने अंग थंडगार पडायचं. कंगव्यात केसांचे पुंजके. भर उन्हात हुडहुडी. खुर्चीवर उशी घेऊन बसलं तरी बुडाखालची हाडं टोचायची. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. गुडघे मात्र दुखायचे थांबले होते, शुगर उतरली होती आणि जिना चढताना जीव घशाशी येत नव्हता. एवढ्यासाठीच तर लेकीने हा हट्ट धरला होता. "आई, तू मला हवी आहेस," असं ती कॉलेजातून आल्याआल्या, चपलासुद्धा न काढता म्हणाली होती. "जाडी की बारीक, मला फरक पडत नाही. जिवंत हवी आहेस."

नातेवाईकांना मात्र फरक पडत होता. जाड होती तेव्हा "जरा तोंडाला आवर घाल" म्हणणारी हीच मंडळी आता "एवढं वाळायला काय झालं, कुणाची दृष्ट लागली?" म्हणत होती. मोठ्या माणसांना दुसऱ्याच्या अंगाचा हिशोब ठेवायचा कंटाळा कधी येत नाही. आणि सगळ्यात जास्त फरक पडत होता तो मावशीच्या आईला.

आई कमरेखाली लुळी. घरात तिघीच: आई, मावशी आणि लेक. नवऱ्याचा विषय त्या घरात निघत नसे. वर्षानुवर्षं मावशी रोज संध्याकाळी आईला खाटेवरून उचलायची आणि खिडकीपाशी खुर्चीत बसवायची. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, की आई वर. त्या चार पावलांत म्हातारी मावशीच्या मांसल खांद्यात तोंड खुपसायची आणि डोळे मिटायची. दिवसभरात तिला तेवढंच सुख होतं.

आता डॉक्टरांनी जड उचलायला बंदी घातली होती. बंदी नसती तरी उचललं गेलं नसतं. एकदा मावशीने चोरून प्रयत्न केला. आई जेमतेम वर आली आणि दोघी पुन्हा खाटेवर कोसळल्या.

"टोचतेस गं," आई कण्हली. "नुसती हाडं. माझी पोर कुठे गेली?"

"मी इथेच आहे, आई."

"ती एका दमात उचलायची मला. तू कोण पाहुणी आली आहेस?"

लेक दारातून कडाडली. "आजी! तिला मरताना बघायचं होतं का तुला? जरा विचार करून बोल!"

"मी कुठे काय म्हणाले? मी आपलं म्हणते, ती बरी होती."

त्या दिवसापासून खिडकीपाशची खुर्ची रिकामीच राहायला लागली. लेकीने एका शेजारणीला मदतीला बोलावलं, तर म्हाताऱ्या आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "परक्या हातांनी नको." मावशीला रात्री त्या खुर्चीकडे बघवत नसे. जीव वाचला होता; पण आपली घरातली जागा वाचली की नाही, हे तिला कळेनासं झालं होतं.

काट्यावरचा आकडा मात्र वाढत होता. रात्री यंत्र बंद केलं, की दाबलेलं शून्य पुसलं जायचं आणि सकाळी नवा आकडा उभा असायचा. विसाचे तीस झाले, तिसाचे चाळीस. मालकाला कळवल्यावर मिस्त्री आला. त्याने पाटाचे कोपरे उचकटले, वायरी तपासल्या, खालचा चिखल उपसला.

"उंदीर, चिखल नाहीतर दगड," तो ठासून म्हणाला. "चौथं कारण मी नोकरीत बघितलेलं नाही."

"मग यातलं कोणतं?"

त्याने कपाळ पुसलं. "तिन्ही नाहीत. सगळं ठीक आहे. काट्याच्या मते पाटावर काहीतरी उभं आहे, बस. तुम्ही रोज सकाळी शून्य दाबा आणि विसरून जा, ताई."

मावशी विसरलीही असती. पण पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या पोरीने वजन बघितलं आणि टाळी वाजवली. "वा! पन्नास किलो उतरले की हो!" त्या सकाळी मावशीने पन्नासाच्या आकड्यावर शून्य दाबलं होतं.

आता रोज सकाळी कुलूप काढण्याआधी ती पाटाकडे बघायची. तिथे काही नसायचं. फक्त धुक्याच्या दिवसांत पाटाच्या मधोमध लोखंड कोरडं असायचं, दोन मोठ्या तळव्यांएवढं. आणि एक वास यायचा, गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा. ऑपरेशनआधी मावशी तो वास अंगावर घेऊनच जगत होती. आता घरातली बाटली कधीची संपली होती, नवी आणायचं कारणच उरलं नव्हतं.

मग तो दिवस आला. सकाळी काट्याने साठ दाखवले आणि तिने शून्य दाबलं. धुकं दुपारीही हललं नाही. गाड्या दिवे लावून येत होत्या. दिवेलागणीला मिशीवाला शेवटचा रिकामा ट्रक मोजून गेला. खडीची यंत्रं बंद पडली आणि इतकी शांतता पसरली, की पेटीचा बारीक गुणगुणणारा आवाज ऐकू यायला लागला.

मावशी पिशवी भरत होती. बाहेर पाट वाजला.

ट्रक चढला की तो वाजतो, तसा मोठ्याने नाही. एखादं जड माणूस पाटाच्या कडेवरून खाली उतरलं की वाजेल, तसा.

तिने पेटीकडे बघितलं. शून्याच्या जागी आकडा थरथरला आणि थांबला.

उणे साठ.

इतकी वर्षं काट्यावर बसलेल्या बाईला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको होता. सकाळी जे पाटावर होतं, ते आता पाटावर नव्हतं. ते उतरलं होतं.

खडीवर पावलं वाजली... सावकाश, जड... उजवा पाय जरा ओढत. ही चाल तिला ठाऊक होती. गुडघा दुखायचा तेव्हा आपण अशाच चालायचो. पावलं केबिनच्या दारापाशी आली. काचेपलीकडे कुणाला तरी धाप लागली होती. दाराची कडी लावायला तिने हात उचलला, पण हात कडीपर्यंत पोचेना.

पावलं थांबली नाहीत. केबिनवरून पुढे गेली आणि रस्त्याला लागली.

मावशीचा जीव भांड्यात पडला. गेलं एकदाचं, तिला वाटलं. तिने खुर्चीत अंग टाकलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की रस्त्याच्या त्या बाजूला फक्त एकच ओळखीचं ठिकाण आहे. लेक कॉलेजातून उशिरा येणार होती. घरात आई एकटी होती.

केबिन तशीच उघडी टाकून ती निघाली. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तीच धाप, तोच ओढलेला पाय. मावशी भरभर चालायला लागली, तर पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुपारी तिच्या पोटात चार घासच गेले होते. वाटेत दोनदा कुंपणाला धरून उभं राहावं लागलं. एवढं वजन उतरवून ती हलकी झाली होती आणि ते सगळं वजन अंगावर घेऊन जे पुढे चाललं होतं, त्याला ती गाठू शकत नव्हती.

"थांब..." तिने हाक मारली. हाक तिलाच धड ऐकू आली नाही.

इमारतीचा जिना चढताना तिने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. जिन्यात मलमाचा वास कोंडला होता. घराचं दार उघडं होतं.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा, मांडीवर शाल नीट घडी करून टाकलेली. हातातली वाटी चाटूनपुसून रिकामी. कित्येक महिन्यांत मावशीने तो चेहरा इतका निवांत बघितला नव्हता.

"आई... तुला खुर्चीत कुणी बसवलं?"

"हळू बोल," आई म्हणाली. "तिचा आत्ता कुठे डोळा लागलाय. दमली बिचारी."

मावशीने खाटेकडे बघितलं. खाटेवर कुणी नव्हतं. गादी मात्र मधोमध दबली होती, खोल आणि रुंद. ती बघत असतानाच गादी हळूच हलली, कुणी कूस बदलावी तशी.

"आई, आपण इथून जाऊ. शेजारी जाऊ. चल."

"कसं नेणार? तुला झेपते का मी?" आईच्या आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तशी ती आदबीने बोलत होती. "तुम्ही खूप केलंत माझं. आता ती आली. आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

तुम्ही. आईने जन्मात कधी तिला तुम्ही म्हटलं नव्हतं.

मावशीने खुर्चीपाशी जाऊन आईच्या काखेत हात घातले आणि उरलासुरला सगळा जोर लावला. आई तसूभरही हलली नाही. हात सुटले. मावशी तिथेच जमिनीवर बसली आणि मग भिंतीला टेकली. ओरडायला हवं होतं. लेकीला फोन करायला हवा होता. फोन केबिनमध्येच राहिला होता. भीती होती, पण भीतीलाही बळ लागतं. ऑपरेशनच्याही आधीपासूनचा, कितीतरी वर्षांचा थकवा तिच्या पापण्यांवर येऊन बसला.

खाट करकरली. फरशीवर एक पाऊल पडलं, मग ओढलेलं दुसरं.

मानेखाली एक हात गेला. गुडघ्यांखाली दुसरा. हात मोठे होते, ऊबदार, मऊ. मावशी अलगद वर उचलली गेली. लहानपणानंतर तिला कुणी कधी उचललं नव्हतं. तिचा गाल एका भरल्या खांद्यावर टेकला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिची थंडी गेली. नको, असं म्हणायचं तिने ठरवलं. क्षणभर टेकू आणि मग म्हणू, असं ठरवलं.

"सांभाळून ने गं," आई म्हणाली.

आता पाठीला गादी लागेल, म्हणून मावशी डोळे मिटून वाट बघत राहिली. गादी लागली नाही. तोंडावर धुक्याचा गार झोत आला आणि ओढणारं पाऊल जिन्याची पायरी उतरलं.

खालून घाईघाईच्या चपला वाजत वर येत होत्या. लेक! मावशीने तोंड उघडलं. लेक इतक्या जवळून गेली, की तिच्या बॅगेचा पट्टा मावशीच्या लोंबत्या हाताला घासला. ती थांबली नाही.

"आई, मी आले!" वर दारात लेकीचा आवाज. "अय्या, आजी खुर्चीत? कुणी बसवलं तिला?"

"मीच. आणखी कोण आहे इथे?" घरातून मावशीचा आवाज आला. जुना, खणखणीत, भरल्या छातीचा. "हात धू आणि दार लावून घे. गार वारं येतंय."

दार लागलं. आतून कडी सरकली.

आवाज वर घरात होता, आणि तरी मावशीला ज्या हातांनी धरलं होतं, ते हात काळजीपूर्वक, एकेक पायरी जपत, काट्याच्या रस्त्याकडे जिना उतरतच राहिले.