आडवी फांदी

अंधार पडायच्या आत पाहुण्याला बेटावरच्या लाकडी खोलीत पोचवायचं, एवढंच काम होतं. पण लॅपलंडमध्ये ऐन डिसेंबरात पाऊस पडावा! आधी बर्फ, त्यावर पाणी, मग ते पाणी गोठलेलं; अख्खं सरोवर तूप चोपडल्यासारखं गुळगुळीत झालं होतं. बाकीच्या पाहुण्यांनी येणंच रद्द केलं होतं. उरला होता हंगेरीचा बेनेदेक, जाडजूड आणि हसरा.

पुढे वाट दाखवणारी इंकेरी, मध्ये बेनेदेक, मागे घसरगाडी ओढणारा तिचा चुलतभाऊ याल्मारी. बर्फावरची वाट स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवून आखलेली होती. दर हिवाळ्यात त्या याल्मारीच रोवायचा.

"फांदी उभी, तर वाट खुली. आडवी, तर बंद. आडवी फांदी आमच्यात कुणी ओलांडत नाही," इंकेरीनं सांगितलं.

"आणि कुणी खोटीच रोवली तर?" बेनेदेकनं डोळा मिचकावला.

"असा माणूस अजून इथं जन्मायचाय! काय रे दादा?"

याल्मारी दोरीशीच झटत राहिला.

इंकेरीच्या हातात बर्फाची जाडी अजमावायची पोलादी सळई होती. पण फांद्या दादाच्या! तिनं बर्फ टोचून पाहिलाच नाही.

"इंकेरी, थांब! पुढं जाऊ नको!" याल्मारी एकदम किंचाळला.

ती थांबली. बेनेदेकला थांबता येईना. घसरू नये म्हणून त्याच्या बुटाला बांधलेली खिळ्यांची पट्टी कधीच निसटली होती. वाऱ्यानं त्याला पाठीमागून रेटलं. तो तिच्या शेजारून सरकत पुढे गेला. काड्! बर्फ फुटला. बेनेदेक गळ्यापर्यंत पाण्यात!

इंकेरीनं पोटावर अंग टाकलं. पकड कशालाच नव्हती; तीच भोकाकडे घसरायला लागली! अशाच वेळी पकड घ्यायला गळ्यात अडकवलेले दोन अणकुचीदार टोचे तिनं खाड्‌कन बर्फात रोवले.

"दादा, माझे पाय धर! बेनेदेक, पाय मार! पोहल्यासारखे मार!"

एका हातात टोचा, दुसऱ्यात त्याची कॉलर. ओढलं. निसटली. पुन्हा ओढलं. आला!

गाडीतले कोरडे कपडे चढवून, कातड्यांत गुंडाळून तिनं त्याला गाडीवर निजवलं. मान वर केली, तर उजवीकडे रिकाम्या भोकांची ओळ. ओढा सरोवराला मिळतो तिथं बर्फ पातळच राहतो; ते मुख टाळून लांबून जाणारी जुनी वाट ती. तिथल्या फांद्या उपटून इकडे रोवल्या होत्या.

"तुला ठाऊक होतं!"

"अगं, लांबच्या वाटेनं पाहुणे कंटाळतात. मी रोवल्या तेव्हा कडक थंडी होती. मग हा पाऊस आला..."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सांगितलं असतं तर तू सहल बंद केली असतीस. हाही पाहुणा गेला असता."

"गेलाच होता की रे! बर्फ फसवतो, त्याचा राग नाही मला. तू केसानं गळा कापलास, दादा!" तिला रडू आवरेना.

बेटाचा नाद सोडून ते परतले. येताना इंकेरीनं एकेक खोटी फांदी उपटली. शेवटची तिनं काखेत ठेवली.

बेनेदेकला सौनाच्या गरम खोलीत बसवून ती तडक याल्मारीच्या घरी गेली. त्यानं दार उघडलं. तिनं ती फांदी त्याच्या उंबऱ्यावर आडवी टाकली आणि वळली.

"इंकेरी, ऐक तरी!"

तिच्यामागे यायला त्यानं पाय उचलला. खाली पाहिलं. आणि पाय मागे घेतला.